रोजच्या भाकरीतला अनोळखी शब्द

(यवतमाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



एका ग्रीक शब्दावर यवतमाळात व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचून काहींना पडला असेल. त्याचे उत्तर आधी देतो. १९५३ पासून १९८३ पर्यंत याच गावात ग्रीक आणि हिब्रू भाषा शिकवल्या जात होत्या. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था इथे होती, देशभरातून विद्यार्थी येत होते, आणि बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून वाचण्याचा अभ्यास या कापसाच्या जिल्ह्यात चालत होता. १९८३ साली संस्था पुण्याला गेली. तिच्याबरोबर गावाची ती आठवणही पुसट झाली. विद्येचा इतिहास सांगताना आपण काशी, पैठण, पुणे अशी नावे घेतो. त्या यादीत आपल्या गावाचाही एक छोटा हक्क आहे, आणि तो ज्या भाषेमुळे आहे तिच्यातला सर्वांत अवघड शब्द मी आज निवडला आहे.

तो शब्द आहे ‘एपिऊसिओस’. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, जिला ख्रिस्ती मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिच्यात भाकरीची एक मागणी आहे. भाकरीसाठी ग्रीक शब्द ‘आर्तोस’, त्यात काही गूढ नाही. त्या भाकरीला जोडलेले विशेषण म्हणजे एपिऊसिओस. मराठीत आपण त्या ठिकाणी ‘रोजची’ म्हणतो. चर्चमध्ये, घरात, मिशनच्या शाळांत, अगदी ख्रिस्ती नसलेल्या मुलांनीही ही प्रार्थना तोंडपाठ केलेली आहे. जगात इतक्या माणसांनी, इतक्या भाषांत, इतकी शतके म्हटलेल्या प्रार्थना फार थोड्या असतील. आणि तिच्यातल्या या एका विशेषणाचा अर्थ नक्की काय, हे आजही कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

हे विधान जरा धाडसाचे वाटेल, म्हणून पुरावा पाहू. प्रार्थना बायबलमध्ये दोनदा येते, मत्तयच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात. दोन्हीकडे हाच शब्द आहे. ‘डिडाखे’ नावाच्या एका प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेतही ही प्रार्थना दिलेली आहे, तिथेही हाच शब्द. बस्स. होमरपासून पुढच्या सगळ्या ग्रीक वाङ्मयात, नाटकांत, इतिहासांत, तत्त्वज्ञानात, वैद्यकात तो कुठेही स्वतंत्रपणे आलेला नाही. पुढच्या काळात जिथे जिथे दिसतो तिथे या प्रार्थनेचीच चर्चा चाललेली असते.

आज कोशांतून शोधून हे कळते असे समजू नका. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा मोठा पंडित होऊन गेला. अलेक्झांड्रियाचा, ग्रीक हीच त्याची भाषा. इ. स. २३३च्या सुमारास त्याने प्रार्थनेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो स्पष्ट सांगतो की हा शब्द कोणा विद्वानाच्या लेखनात आढळत नाही, सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवलेला दिसतो. येशू अरामी बोलत होता. त्याने त्या जागी कोणता अरामी शब्द उच्चारला ते नोंदलेले नाही. म्हणजे मूळ उच्चार हरवला, आणि त्याच्या जागी जो ग्रीक शब्द ठेवला तो ग्रीक माणसालाच अनोळखी.

आपल्याकडच्या शास्त्रपरंपरेत शब्दार्थाचा विचार करताना योग आणि रूढी असा भेद करतात. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले, हा झाला योग. पण चिखलात जन्मलेल्या किड्याला कोणी पंकज म्हणत नाही, ते नाव कमळालाच लागते, ही झाली रूढी. रूढी योगाला बाजूला सारते, हे आपल्या मीमांसकांचे आणि वैयाकरणांचे ठरलेले मत आहे. शब्द कशापासून बनला यापेक्षा लोक तो कशासाठी वापरतात याला वजन अधिक. एपिऊसिओसची सगळी अडचण या भेदात नेमकी पकडता येते. या शब्दाला रूढीच नाही. आपल्या हाती फक्त योग आहे, आणि तो योगसुद्धा दोन-तीन तऱ्हांनी लागतो.

एक तऱ्हा अशी. ‘एपि’ हा उपसर्ग आणि ‘ऊसिआ’ म्हणजे अस्तित्व, सत्त्व, द्रव्य. यांतून अर्थ निघतो अस्तित्वाला लागणारी, जगण्यापुरती भाकर. ओरिजेनने हीच वाट धरली, पण तो तिथून वर चढला. आत्म्याच्या सत्त्वाला पोसणारी भाकर, असा अर्थ त्याने लावला. त्याने ‘पेरिऊसिओस’ या दुसऱ्या दुर्मिळ शब्दाचा दाखला दिला. हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, निर्गमच्या पुस्तकात, देवाची खास स्वतःची प्रजा या अर्थी तो येतो.

दुसरी तऱ्हा. ग्रीकमध्ये ‘एपिएनाई’ म्हणजे येणे, पुढे येऊन ठेपणे. त्यावरून ‘एपिऊसा’ म्हणजे येणारी, आणि ‘दिवस’ हा स्त्रीलिंगी शब्द गृहीत धरून, येणारा दिवस. हा शब्द मात्र चांगला रुळलेला आहे. नव्या करारातच प्रेषितांच्या कृत्यांत तो पाच वेळा आला आहे, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी किंवा लगेच पुढच्या रात्री असा साधा अर्थ आहे. त्यावरून एपिऊसिओस म्हणजे येणाऱ्या दिवसाची भाकर.

तिसरी तऱ्हा या दोहोंच्या मधली. असलेल्या, चालू दिवसाची भाकर, म्हणजे आजच्यापुरती. ख्रिसोस्तोमसारखा ग्रीक उपदेशक एका दिवसापुरती असाच अर्थ सांगतो.

यांत कोणती तऱ्हा बरोबर, याचा निवाडा व्याकरणाने होईल का? थोडाफार होतो. संस्कृतात अधि आणि अयन मिळून अध्ययन होते, मधला इकार जसाच्या तसा राहत नाही. ग्रीकमध्ये ‘एपि’ पुढे स्वर आला की त्यातला शेवटचा इकार साधारणपणे गळतो. म्हणून ‘एपि’ आणि ‘ऊसिआ’ यांचा शब्द नियमाने ‘एपूसिओस’ व्हायला हवा होता. ‘येणे’ या क्रियापदातून शब्द काढला तर अडचण उरत नाही, कारण तिथला इकार क्रियापदाचा स्वतःचा आहे. उपसर्गाचा इकार गळला तरी तो शिल्लक राहतो. केंब्रिजचे लाइटफूट यांनी १८७१ साली हा युक्तिवाद फार बारकाईने मांडला. ज्या जुन्या शब्दांत उपसर्गाचा इकार टिकलेला दिसतो, त्यांत पूर्वी व-सारखा एक वर्ण होता आणि तो पुढे लोपला, हेही त्यांनी दाखवले. पुढे १८८१ साली इंग्रजी नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या समासात येणाऱ्या दिवसाची भाकर हा पर्याय छापला गेला.

पण व्याकरणाचा विजय इथे पुरता होत नाही. ओरिजेनचा कान ग्रीक होता. ‘ऊसिआ’पासून हा शब्द निघतो असे म्हणताना त्याला काही खटकले नाही. जन्मभर ती भाषा बोललेल्या माणसाला जे चालले ते चुकीचे ठरवताना आपण दोनदा विचार केला पाहिजे. नवे शब्द घडवणारे लोक व्याकरणाचे नियम पाळतातच असे नाही, हे मराठी माणसाला सांगायला नको.

यास्काचे निरुक्त तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. कौत्स नावाच्या आचार्याने वेदमंत्रांना अर्थच नाही असा आक्षेप घेतला होता, तो यास्काने सविस्तर नोंदवला आणि खोडून काढला. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे, असे त्याचे उत्तर आहे. मला यास्काचा आशावाद आवडतो. अर्थ आहे, आपल्याला दिसत नाही एवढेच, ही श्रद्धा नसती तर जगात कोणी कोश लिहायला बसले नसते. वेदातल्या ‘जर्भरी तुर्फरी’सारख्या दुर्बोध शब्दांवर पिढ्यान्‌पिढ्या विद्वान झटले ते याच श्रद्धेने. एपिऊसिओसच्या बाबतीतही तेच झाले, आणि त्या शोधाची एक हकीकत तुम्हाला सविस्तर सांगावीशी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळूतून पपायरसचे तुकडे निघू लागले. पावत्या, करार, घरची पत्रे, किराणा मालाच्या याद्या. सामान्य माणसांच्या हातची ग्रीक. त्यापूर्वी असा समज होता की नव्या कराराची ग्रीक काही वेगळीच, पवित्र भाषा आहे, कारण तिच्यातले बरेच शब्द अथेन्सच्या अभिजात लेखकांत नाहीत. जर्मन विद्वान अडोल्फ डाइसमान यांनी १९०८च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दाखवून दिले की यांतले पुष्कळ शब्द या पावत्यांत आणि पत्रांत सर्रास आहेत. बायबलची ग्रीक ही बाजारातली, शेतातली, घरातली ग्रीक निघाली. केवळ बायबलमध्येच सापडणारे म्हणून गाजलेले शब्द एकेक करून त्या यादीतून कमी होत गेले. मग एपिऊसिओसही एखाद्या चिठोऱ्यावर भेटेल अशी आशा वाटणे स्वाभाविक होते.

आणि तो भेटला, असे वाटले. फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८८-८९च्या सुमारास इजिप्तमधल्या हवारा या ठिकाणी उत्खनन केले. तिथे मिळालेल्या पपायरसांचे वाचन ऑक्सफर्डचे ए. एच. सेस यांनी करून प्रसिद्ध केले. त्यांत घरखर्चाची एक यादी होती. तिच्या एका ओळीत सेस यांनी ‘एपिऊसि’ अशी अक्षरे वाचली, पुढचा भाग तुटलेला, शेजारी किंमत. १९१५ साली प्रायसिग्के यांनी ग्रीक कागदपत्रांचा संग्रह काढला, त्यात हा तुकडा क्रमांक ५२२४ म्हणून आला, आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. किराणा यादीत हा शब्द असेल तर त्याचा अर्थ सरळ होता. रोमन जगात गुलामांना, मजुरांना, शिपायांना दिवसाचा ठरलेला शिधा मिळे, त्याला लॅटिनमध्ये ‘दिआरिआ’ म्हणत. एपिऊसिओस म्हणजे तोच, दिवसाचा शिधा. कोशांत नोंद गेली, टीकाग्रंथांत गेली, पाठ्यपुस्तकांत गेली. अखेर रूढी सापडली!

मात्र मूळ तुकडा कुठे आहे ते कोणाला माहीत नव्हते. सेस यांचे वाचन पुन्हा ताडून पाहण्याची सोय नव्हती, आणि त्यांची वाचने फारशी भरवशाची नसत, हेही जाणकारांना ठाऊक होते. १९५७ साली ब्रूस मेट्झगर यांनी प्रार्थनेच्या बाहेर हा शब्द नेमका किती वेळा येतो, असा प्रश्नच एका लेखाचे शीर्षक म्हणून घातला. उत्तर येण्यास आणखी चार दशके लागली. तो हरवलेला पपायरस अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात सापडला. नाइमन आणि वोर्प या दोघा अभ्यासकांनी तो नव्याने वाचला आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या ओळीत एपिऊसिओस नाही. तिथे ‘एलाइऊ’ आहे. म्हणजे तेल.

घरच्या यादीत तेल असणारच. ज्या एका नोंदीवर इतका मोठा अर्थ उभा केला होता ती तेलाची नोंद निघाली. ही हकीकत मला हसण्यासारखी वाटत नाही, फार आदराची वाटते. अनेक दशके कोशात बसलेला पुरावा दोन माणसे मूळ तुकड्यावरून तपासतात आणि नाही म्हणतात, आणि सारे अभ्यासक ते मान्य करतात. विद्या यालाच म्हणायचे. शब्द पुन्हा एकटा पडला, ओरिजेनने सोडला होता तिथेच.

कोश हात टेकतात तिथे भाषांतरकाराला मात्र थांबता येत नाही, त्याला काहीतरी लिहावेच लागते. आणि प्राचीन भाषांतरकारांनी काय काय लिहिले ते पाहिले की हा शब्द किती मोकळा आहे ते कळते. सिरियाक भाषेतल्या जुन्या भाषांतरात ‘अखंड, नेहमीची’ असा शब्द आहे. ‘आमेन’ ज्या धातूपासून आला त्याच धातूचा. त्यानंतरच्या पेशित्ता या सिरियाक बायबलमध्ये आमच्या गरजेची भाकर असे आहे. इजिप्तच्या कॉप्टिक बोलींपैकी एकीत येणारी आणि दुसरीत उद्याची. लॅटिनमध्ये जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांचे जुने भाषांतर तपासले तेव्हा एक विलक्षण गोष्ट केली. तोच ग्रीक शब्द लूकमध्ये त्याने ‘क्वोतिदिआनुम’ म्हणजे दररोजची असा ठेवला, आणि मत्तयमध्ये ‘सुपरसुब्स्तान्तिआलेम’ असा नवाच शब्द लिहिला, द्रव्याच्या पलीकडची. एकाच शब्दाची दोन भाषांतरे, एकाच माणसाच्या हातून. याच जेरोमने मत्तयवरच्या टीकेत आणखी एक मोलाची नोंद करून ठेवली. इब्र्यांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आज उपलब्ध नसलेल्या एका शुभवर्तमानात त्याला या जागी ‘माहार’ हा शब्द दिसला होता. माहार म्हणजे उद्या. माझ्या मते ‘येणाऱ्या दिवसाची’ या अर्थाच्या बाजूने व्याकरणाखालोखाल हा सर्वांत मोठा पुरावा आहे, कारण तो येशूच्या भाषेच्या अगदी जवळ जातो.

आता आपल्या देशात या. हिंदुस्थानात ही प्रार्थना तीन वाटांनी आली आणि प्रत्येक वाटेने वेगळा अर्थ आणला, हे फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची उपासना शतकानुशतके सिरियाकमध्ये चालली. तिथे गरजेची भाकर मागितली गेली. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर लॅटिन उपासना आली. कोकणीत आजही कॅथलिक मंडळी ‘दिसपडतो ग्रास’ मागतात. दिवसागणिक पडणारा घास. हे लॅटिन क्वोतिदिआनुमचे कोकणी रूप आहे, आणि किती गोड रूप आहे पाहा. त्यात ब्रेड नाही, पोळी नाही, हाताने तोंडात जातो तो घास आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६१६ साली, ज्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले, त्या फादर स्टीफन्सने कोकणीत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पोथीही लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूरला छापली गेली. आपल्या बोलीत प्रार्थना बसवण्याचे काम तेव्हापासूनचे आहे.

तिसरी वाट प्रॉटेस्टंट मिशनांची. ही थेट ग्रीकवरून आली. विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचे काम केले. मत्तयचे शुभवर्तमान १८०५ साली आणि नवा करार १८११ साली छापला. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ साली नवा करार काढला. तिथून पुढे अनेक हातांनी दुरुस्त होत होत आजची मराठी प्रत आली आहे आणि तिच्यात ‘रोजची भाकर’ स्थिर झाली आहे.

या परंपरेत एक नाव वेगळ्या तेजाचे आहे. पंडिता रमाबाई. संस्कृतची विदुषी म्हणून १८७८ साली कलकत्त्याने जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिने उतारवयात ग्रीक आणि हिब्रूचा अभ्यास करून सबंध बायबल मराठीत आणले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तिने उपाशी मुली आणि विधवा आपल्याकडे आणल्या. त्यांना आणि त्यांच्यासारख्या साध्या बायांना कळेल असे बायबल तिला हवे होते. जिच्या जिभेवर संस्कृत खेळत होते तिने संस्कृतप्रचुर मराठी मुद्दाम टाळले. ५ एप्रिल १९२२ रोजी ती गेली, आणि १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून तिचे संपूर्ण बायबल बाहेर पडले. मत्तयच्या सहाव्या अध्यायात तिच्यासमोरही हाच शब्द आला असणार. योग-रूढीचा भेद तिला लहानपणापासून पाठ. एपिऊसिओसपुढे काही क्षण तरी ती थांबली असेल, याबद्दल मला शंका नाही. पानापलीकडे दुष्काळातून आणलेल्या मुली जेवणाच्या घंटेची वाट पाहत असताना भाकरीच्या विशेषणाचा अर्थ शोधणे, हे काम कोणत्याही विद्यापीठातल्या कामापेक्षा जड आहे.

आता मी माझे मत सांगतो. येणाऱ्या दिवसाची भाकर हाच अर्थ मला खरा वाटतो. यावर नेहमी एक आक्षेप येतो. त्याच अध्यायात येशू उद्याची चिंता करू नका असे सांगतो, मग तोच उद्याची भाकर मागायला कसा शिकवील? आक्षेप वजनदार आहे. पण तो मांडणाऱ्यांच्या घरी बहुधा महिन्याचे धान्य भरलेले असते. रोजाने जाणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करून पाहा. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी अशी आज्ञा आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. मत्तयच्याच विसाव्या अध्यायात मजुरांचा दाखला आहे. मळ्याचा मालक पहाटेपासून पाच वेळा बाहेर पडतो, बाजारात काम मिळेल म्हणून उभी असलेली माणसे लावतो, आणि संध्याकाळी सर्वांना सारखाच दिनार देतो, तासभर काम केलेल्यालाही. त्या संध्याकाळच्या दिनारात कोणत्या दिवसाचे पीठ घरात येते? येणाऱ्या दिवसाचे. शिवाय यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो. संध्याकाळी प्रार्थना करणाऱ्याला येणारा दिवस म्हणजे आता लागलेला दिवस, आणि पहाटे करणाऱ्याला समोर उजाडतो आहे तो. यात साठवणीची हाव कुठे आहे? एका दिवसाचीच मागणी आहे, फक्त ती वेळेवर केलेली आहे. रानात मान्ना हे देवाने दिलेले अन्न गोळा करणाऱ्या इस्राएलांनाही एका दिवसापुरताच गोळा करण्याची मुभा होती, आणि सहाव्या दिवशी मात्र विश्रामवारासाठी दुप्पट. देवाने येणाऱ्या दिवसाची सोय करायला मनाई केली नव्हती.

आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. इथे पहाटे चौकात उभे राहणारे मजूर आहेत. बाजाराच्या दिवशी हिशेब होतो आणि आठवड्याचा किराणा त्याच दिवशी भरला जातो. ज्वारीची वावरे कपाशीने आणि सोयाबीनने घेतली, भाकरीचे धान्य पिकवणाऱ्या गावात ते विकत आणायची वेळ आली. कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्यांतून देशाला यवतमाळचे नाव माहीत झाले, याचे दुःख या सभागृहातल्या प्रत्येकाला आहे. अशा ठिकाणी भाकरीच्या मागणीचा अर्थ फक्त आध्यात्मिक आहे असे कोणी सांगू लागला तर मी त्याला नम्रपणे विरोध करीन. चर्चच्या आचार्यांनी त्यात प्रभुभोजनाची, स्वर्गीय अन्नाची छटा पाहिली, ती त्यांनी पाहावी. पण त्या भाकरीत आधी पीठ हवे.

मग आपली ‘रोजची’ चुकली का? मला तसे वाटत नाही. ‘रोज’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ दिवस. मराठीत मात्र ‘रोज’ म्हणजे दिवसाची मजुरीसुद्धा. रोज किती पडतो, असे आपण विचारतो. रोजी, रोजंदारी, रोजगार सगळे त्याच घरातले. म्हणून रोजची भाकर म्हणताना मराठी माणसाच्या कानावर दररोजची आणि रोजातून मिळालेली, असे दोन्ही अर्थ पडतात. भाषांतरकारांनी ते योजून केले असो वा नसो, दिवस, श्रम आणि अन्न यांची अशी गाठ ‘क्वोतिदिआनुम’ला साधलेली नाही. माझी तक्रार या शब्दाबद्दल नाही. तक्रार एवढीच आहे की इथे एक शंका आहे, हे मराठी वाचकाला कोणी सांगत नाही. छापील ओळ इतकी सरळ वाहते की तिच्याखाली अठरा शतकांचा प्रश्न आहे याचा पत्ता लागत नाही.

आणि ही शंका नोंदवण्याची रीत आपल्याला परक्यांकडून शिकायची नाही. ती वऱ्हाडातच जन्मली. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, तेव्हा ज्याने त्याने जे ऐकले, पाहिले ते विचारून लिहिले. लीळाचरित्राच्या पोथ्यांत मूळ कथेच्या शेजारी ‘वासना’ आणि ‘शोधु’ अशा नोंदी येतात. अमक्याच्या स्मरणाप्रमाणे असे, तमक्याच्या पाठाप्रमाणे तसे. स्वामींच्या शब्दावर नितांत श्रद्धा असलेल्या माणसांनी तो शब्द दोन प्रकारे आठवला जातो हे लपवले नाही. श्रद्धा होती म्हणूनच लपवले नाही. वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादित करून १९७८ साली प्रसिद्ध केले, ते उघडून कोणीही हे पाहू शकेल. मराठी बायबल छापणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी हा वऱ्हाडी प्रघात स्वीकारावा. मत्तयच्या सहाव्या आणि लूकच्या अकराव्या अध्यायात पानाखाली एक ओळ घालावी की मूळ शब्द येणाऱ्या दिवसाची किंवा गरजेपुरती असाही घेता येतो. एका ओळीने कोणाची श्रद्धा ढळत नाही. वाचकाला मात्र कळते की आपल्याला विश्वासात घेतले आहे.

दुसरी विनंती यवतमाळकरांना. १८०५ पासून मराठीत ही एक ओळ किती वेळा, किती प्रकारे लिहिली गेली, याचा तौलनिक अभ्यास व्हायला हवा. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, आणि हा विषय तिथल्या विद्यार्थ्यांना शोभणारा आहे. त्यासाठी जुन्या प्रती हव्यात. या जिल्ह्यात मिशनची जुनी घरे आहेत, सेमिनरीत शिकलेल्या, शिकवलेल्या माणसांची कुटुंबे आहेत. तुमच्या माळ्यावर, पेटीत, आजीच्या उशाखाली जुने मराठी बायबल असेल, गीतांची पुस्तके असतील, ग्रीकच्या तासाची वही असेल. कव्हर फाटले म्हणून, वाळवी लागली म्हणून ती रद्दीत घालू नका. मुखपृष्ठावरचे साल आणि छापखान्याचे नाव लिहून ठेवा, मत्तयच्या सहाव्या अध्यायाच्या पानाचे छायाचित्र काढा आणि ती प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा नगर वाचनालयाच्या ग्रंथपालाकडे नेऊन द्या.